धार-देवासच्या माथ्यावरील चुंबकपुच्छ

माळव्यातील धार आणि देवास ही पवारांच्या जुन्या संस्थानांची राजधानीची गावे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस, अनुक्रमे सुमारे २२.६ आणि २३ अंश उत्तर अक्षांशांवर, वसली आहेत. त्यामुळे डिसेंबरच्या उत्तरार्धात मध्यरात्री सूर्य त्यांच्या जवळजवळ नेमका पायांखाली असतो. माथ्यावरची दिशा तेव्हा सूर्याच्या विरुद्ध असते आणि त्याच दिशेला पृथ्वीचे चुंबकपुच्छ पसरलेले असते.

सूर्यापासून सतत वाहणारे विद्युतभारित कण, म्हणजेच सौरवारा, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला दिवसाच्या बाजूस सुमारे १० पृथ्वीत्रिज्यांपर्यंत दाबतात. रात्रीच्या बाजूस मात्र हे क्षेत्र चंद्रकक्षेच्याही पलीकडे, २०० त्रिज्यांहून दूर ताणले जाते. पौर्णिमेच्या सुमारास चंद्र काही दिवस या पुच्छातून प्रवास करतो. 'चांद्रयान-२' वरील उपकरणाने २०१९ मध्ये तेथील विद्युतभारित कणांची नोंद केली.

पुच्छाचे दोन विरळ खंड असतात. उत्तरेकडील खंडातील चुंबकीय रेषा पृथ्वीकडे येतात, तर दक्षिणेकडील खंडातील रेषा पृथ्वीपासून दूर जातात. दोहोंच्या मध्ये उष्ण प्लाझ्माचा पट्टा असतो आणि त्यातून आडवा विद्युतप्रवाह वाहतो. हा पट्टा फार ताणला गेला की विरुद्ध दिशांच्या रेषा तुटून नव्याने जुळतात. या पुनर्जोडणीत साठलेली ऊर्जा मोकळी होते आणि प्लाझ्माचे झोत सेकंदाला ४०० किलोमीटरहून अधिक वेगाने पृथ्वीकडे झेपावतात. असा एकेक झोत काही मिनिटांचाच असतो. अमेरिकेच्या 'थेमिस' मोहिमेच्या पाच उपग्रहांनी २६ फेब्रुवारी २००८ रोजी अशी पुनर्जोडणी सुमारे २० त्रिज्यांवर सुरू होताना टिपली. ध्रुवीय प्रकाश त्यानंतर उजळला.

धार-देवासच्या आकाशात हा प्रकाश सहसा दिसत नाही, परंतु पुच्छातील घडामोडींचा परिणाम येथवर पोहोचतो. चुंबकीय वादळात पुच्छाकडून आलेले कण पृथ्वीभोवती वलयाकार विद्युतप्रवाह निर्माण करतात आणि कमी अक्षांशांवरील क्षैतिज चुंबकीय क्षेत्र घटते. मुंबईतील कुलाबा वेधशाळेत २ सप्टेंबर १८५९ रोजी ही घट सुमारे १,६०० नॅनोटेस्ला नोंदली गेली. तिच्यात वलयप्रवाहाचा वाटा किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय वेध १९०४ मध्ये अलिबागला हलविण्यात आले. देवासशेजारच्या उज्जैन येथेही भारतीय भूचुंबकत्व संस्थेने असे वेध घेतले आहेत.

या वेधांचे मोल केवळ शास्त्रीय नाही. १३ मार्च १९८९ च्या वादळात कॅनडातील क्युबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास गेली आणि लाखो नागरिक अंधारात राहिले. वीजवाहिन्या, उपग्रह व दिशादर्शन यांवर विसंबणाऱ्या समाजाला माथ्यावरच्या या अदृश्य पुच्छाची हालचाल जमिनीवरून आणि अवकाशातून सातत्याने पाहत राहावी लागेल.