डॅटसन २४०झेडच्या ब्रेक प्रणालीतील बदल

डॅटसन २४०झेड ही जपानच्या निसान कंपनीने १९६९ ते १९७३ या काळात उत्पादित केलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार आहे. जपानमध्ये हे प्रारूप फेअरलेडी झेड या नावाने विकले जात असे. गाडीचे वय, बदललेली इंजिने आणि आधुनिक टायर यांमुळे अनेक मालक तिच्या मूळ ब्रेक प्रणालीत बदल करून घेतात. अशा बदलांत ब्रेकचा आकार वाढवण्यापेक्षा पुढील व मागील चाकांमधील ब्रेकबलाचा समतोल राखणे अधिक महत्त्वाचे मानले जाते.

मूळ रचना
२४०झेडच्या पुढील चाकांना सुमारे २७१ मिलिमीटर व्यासाच्या भरीव डिस्क व प्रत्येकी दोन पिस्टनचे कॅलिपर होते. मागील चाकांना सुमारे २२९ मिलिमीटर व्यासाचे, उष्णता बाहेर टाकण्यासाठी पंखे असलेले ॲल्युमिनियमचे ड्रम ब्रेक होते. दोन स्वतंत्र मंडलांचा मास्टर सिलिंडर आणि निर्वात दाबावर चालणारा बूस्टर हेही या प्रणालीचे भाग होते. चांगल्या स्थितीतील ही प्रणाली सामान्य रस्त्यावरील वापरासाठी पुरेशी असते.

बदलाची कारणे
ब्रेक गाडीच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतात. सुमारे १,०५० किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबवताना सुमारे ४०५ किलोज्यूल ऊर्जा बाहेर टाकावी लागते. वेग ताशी १६० किलोमीटर असल्यास हीच ऊर्जा अडीच पटींहून अधिक, म्हणजे सुमारे १,०३७ किलोज्यूल होते. शर्यतीच्या मार्गावर किंवा घाटाच्या दीर्घ उतारावर वारंवार ब्रेक लावल्यास पॅडचे घर्षण कमी होते किंवा ब्रेक द्रव उकळून त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. वाफ दाबली जात असल्याने पेडल मऊ पडून खाली जाते आणि चाकांपर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही.

थांबण्याच्या अंतराची अंतिम मर्यादा मात्र टायरची रस्त्यावरील पकड ठरवते. मूळ ब्रेक चाके जॅम करण्यास समर्थ असतील, तर मोठे ब्रेक बसवल्याने एकदा थांबण्याचे अंतर कमी होत नाही. मोठ्या ब्रेकचा खरा लाभ वारंवार ब्रेक लावताना उष्णता सहन करण्यात दिसून येतो.

प्रचलित बदल
पुढील चाकांसाठी टोयोटा हायलक्स व फोररनर या गाड्यांचे चार पिस्टनचे कॅलिपर सर्वाधिक प्रचलित आहेत. ते मूळ बोल्टच्या जागी बसतात. मात्र डिस्कमागील पत्र्याचे आवरण कापावे अथवा काढावे लागते. एस१२-८ हा प्रकार मूळ भरीव डिस्कवर चालतो, तर अधिक रुंद एस१२डब्ल्यू प्रकारासाठी हवेशीर डिस्क व स्पेसर वापरतात. कॅलिपर मोठे असल्याने ते मूळ १४ इंची चाकात मोकळे राहतात की नाही, हे आधी तपासावे लागते.

मास्टर सिलिंडर अनेकदा ७/८ इंचाऐवजी १५/१६ इंच व्यासाचा बसवला जातो. त्यामुळे पेडलच्या तेवढ्याच हालचालीत सुमारे १५ टक्के अधिक द्रव सरकतो व पेडल कडक वाटते. परंतु पायाच्या तेवढ्याच जोरावर मिळणारा दाब सुमारे १३ टक्क्यांनी घटतो.

मागील ड्रमऐवजी डिस्क बसवताना हँडब्रेकची स्वतंत्र सोय करावी लागते. ड्रमच्या मंडलात अवशिष्ट दाब राखणारी झडप असल्यास ती काढणे आवश्यक असते. अन्यथा पॅड डिस्कला सतत घासत राहतात.

ब्रेकबलाचा समतोल
ब्रेक लावताना गाडीचा भार पुढील चाकांकडे सरकतो व मागील चाकांची पकड घटते. मागील चाके आधी जॅम झाल्यास गाडी स्वतःभोवती फिरण्याचा धोका असतो. उलट केवळ पुढील ब्रेक फार प्रभावी केल्यास पुढील चाके लवकर जॅम होतात, मागील ब्रेकची क्षमता वाया जाते आणि थांबण्याचे अंतर वाढू शकते. म्हणून अनेकदा मागील मंडलात दाब मर्यादित करणारी समायोज्य झडप बसवतात. ही झडप मागील दाब केवळ कमी करू शकते. त्यामुळे आधीच दुर्बल असलेले मागील ब्रेक तिने सुधारत नाहीत.

ब्रेक द्रव व नळ्या
डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे द्रव हवेतील ओलावा शोषतात. कोरड्या डॉट ४ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. ओलावा शोषल्यानंतरची किमान मर्यादा १५५ अंश आहे. सिलिकॉनयुक्त डॉट ५ द्रव इतरांत मिसळता येत नाही. जुन्या रबरी नळ्या आतून फुगून द्रवाचा मार्ग अडवू शकतात. त्यामुळे नव्या नळ्या, ताजा द्रव व दर्जेदार पॅड हा कमी खर्चाचा आणि बहुधा सर्वांत आधी करण्याजोगा बदल ठरतो.

सुरक्षितता व कायदेशीर बाबी
जुन्या पॅड व शूजमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. म्हणून त्यांची धूळ हवेच्या झोताने न उडवता ओलसर करून पुसतात. काम पूर्ण झाल्यावर प्रणालीतील हवा काढून, गळती तपासून बंद जागेत कमी वेगाने चाचणी घेतली जाते. पुढील चाके मागील चाकांआधी जॅम होतात याची खात्री ओल्या व कोरड्या अशा दोन्ही पृष्ठभागांवर करणे इष्ट असते. जर्मनीसारख्या देशांत धोका संभवणाऱ्या अशा बदलांची अधिकृत तपासणी न केल्यास वाहनाची वापर-परवानगी रद्द होते. मूळ स्वरूपाला महत्त्व देणारे संग्राहक काढलेले सुटे भाग जपून ठेवतात, जेणेकरून गाडी पुन्हा पूर्ववत करता येते.