फोर्ट्रानची पहिली ओळख

नवशिक्या मनुष्यास नवी भाषा शिकविणें सोपें. परंतु आपल्या विद्येंत जो मुरलेला आहे, त्यास ती सांगूं गेल्यास आपल्या विद्येची किंमतच कमी केली जात आहे अशी शंका त्याच्या मनांत येते. संगणकांस आज्ञा लिहिणाऱ्या मंडळींपुढें इ. स. १९५७ सालीं फोर्ट्रान ही भाषा ठेवण्यांत आली, तो प्रसंग याच जातीचा होता. म्हणून त्याची हकीकत आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

त्या काळीं यंत्राच्या एकेका क्रियेसाठीं एकेक आज्ञा हातानें लिहावी लागे. हें काम जाणणारे थोडे, आणि त्यांचा अभिमान मोठा; जॉन बॅकस यांनीं तर पुढें या मंडळीस पुरोहितवर्गाची उपमा दिली. आयबीएम कंपनींत काम करणाऱ्या बॅकस यांचा हिशेब साधा होता. आज्ञावली लिहिणारांवरील खर्च यंत्राच्या खर्चाइतका, शिवाय यंत्राचा पाव ते अर्धा वेळ चुका शोधण्यांत जाई. तेव्हां मनुष्यानें गणिताच्या सूत्रासारखें लिहावें, व त्याचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर यंत्रानेंच करावें, हें उचित.

इ. स. १९५४ च्या अखेरीस हार्लन हेरिक व अर्व्हिंग झिलर यांच्यासह बॅकस यांनीं ही योजना ७०४ या नव्या यंत्राच्या गिऱ्हाइकांस सांगण्यास आरंभ केला. बहुतेकांनीं अविश्वास दाखविला. हा निव्वळ दुराग्रह होता काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. अशा सोयी पूर्वीही निघाल्या होत्या, व त्यांनीं यंत्राचा वेग फार घटविला होता. जुनें यंत्र स्वतःच कांहीं गणितांत मंद असल्यामुळें तो दोष खपून जाई. ७०४ मध्यें तीं गणितें यंत्राच्या अंगचींच असल्यानें झांकली मूठ उघडी पडणार होती. बॅकस यांनीं हा आक्षेप शिरोधार्य मानिला, आणि यंत्रानें केलेली आज्ञावली हातच्या आज्ञावलीइतकी वेगवान व्हावी, याच एका गोष्टीवर आपलें सारें बळ लाविलें.

फेब्रुवारी १९५७ मध्यें लॉस एंजेलिस येथील परिषदेंत १३ जणांच्या नांवें निबंध सादर झाला. त्यांतील एक दाखला मोठा मार्मिक आहे. एका गृहस्थानें एक दिवसाचें शिक्षण घेतलें, पुस्तिका चाळली, व चार तासांत ४७ वाक्यांत काम लिहून काढिलें. यंत्रानें सहा मिनिटांत त्याच्या सुमारें १,००० आज्ञा केल्या. पण उत्तर चुकलें! निबंधकारांनीं ही चूक लपविली नाहीं. ती त्या गृहस्थाच्या एका वाक्यांत होती. उत्तरें पाहूनच त्यानें ती हुडकिली व सुधारली. हेंच काम हातानें लिहावयास तीन दिवस लागले असते, आणि वेगांत फारसा लाभ झाला नसता, असा त्याचा अंदाज होता.

स्तुतीपेक्षां ही कबुलीच अधिक बोलकी होती असें आम्ही समजतों. चूक होईल, पण ती सांपडेल, हें आश्वासन कारागिरास हवें असतें. एप्रिल १९५८ मध्यें २६ ठिकाणच्या ७०४ यंत्रांची पाहणी झाली, तेव्हां निम्म्याहून अधिक ठिकाणीं निम्म्याहून अधिक कामें फोर्ट्रानमध्यें होत होतीं. हातच्या कांकणास आरसा कशाला? नव्या भाषेची ओळख करून देणारानें आधीं श्रोत्याचा संशय ऐकावा, भाषेचे गुण मग सांगावे, हाच या हकीकतीचा बोध होय.