घरची भुते आणि लोकांची वर्गणी

देवळाच्या सावलीत वाढलेल्या माणसास भयकथा परकी नसते. गोव्यात व दक्षिण कोकणात राखणदार, देवचार व वेताळ ही नावे गावाच्या सीमेइतकीच परिचयाची आहेत. वेताळाची तर देवळेही आहेत आणि त्याच्यापुढे नारळ ठेवणारा मनुष्य मनातून भ्यालेला असला तरी त्याच्यावर रुसलेला नसतो. शिवाय घराण्याघराण्यांच्या म्हणून काही कथा असतात: मूळपुरुषाने बोललेला व फेडावयाचा राहिलेला नवस, माजघरालगतची कधी न उघडली जाणारी खोली, विहिरीकाठचे झाड. अशी घरची कथा घेऊन चित्रपटकलेचा एखादा विद्यार्थी भयपट करावयास निघतो व त्यासाठी आप्तांकडे आणि समाजाकडे द्रव्य मागतो, तेव्हा वडीलधारी मंडळी सचिंत होतात. घरची भुते चार लोकांत मांडून त्यांच्या नावाने पैसा गोळा करावयाचा की काय, असा त्यांचा प्रश्न असतो. हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. तथापि त्याचे उत्तर देण्यापूर्वी असा पैसा आजवर कसा उभा राहिला हे पाहणे उचित होईल.

भयाचे रूप रंगमंचावर आणून त्यासाठी लोकांपुढे हात पसरणे, यात नवे काही नाही. दशावतारी खेळात वेद चोरणारा संकासुर काळ्या वेषात येतो, मुले आईच्या पदराआड दडतात, आणि थोड्याच वेळात त्याच्या बोलण्यावर सारा मांड हसू लागतो. या खेळाचा आश्रय देऊळ व जत्रा हाच होता. गोव्यातील उत्सवी नाटकेही गावकऱ्यांच्या वर्गणीवरच उभी राहिली. कोणी पडदा दिला, कोणी दिवे दिले, कोणी नटांना जेवू घातले. देणाऱ्याला परताव्याची अपेक्षा नव्हती. परंतु नाटक आपले आहे, हा त्याचा हक्क कोणी नाकारीत नसे.

चित्रपट आला तेव्हा खर्च वाढला आणि वर्गणी अपुरी पडू लागली. दादासाहेब फाळके हे त्र्यंबकेश्वरच्या शास्त्री घराण्यात १८७० साली जन्मले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. चित्रपटाचा ध्यास घेतल्यावर त्यांनी प्रथम आपली विमापत्रे गहाण टाकली व १९१२ साली लंडनला जाऊन यंत्रसामग्री आणली. एवढ्याने भागेना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची चित्रे रोज थोडीथोडी घेऊन एक चिमुकला चित्रपट सिद्ध केला. तो पाहून धनिकांचा विश्वास बसला व कर्ज मिळाले. सरस्वतीबाईंचे दागिनेही या कामी आले. त्या माउलीने मंडळींचा स्वयंपाक केला आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे कामही शिकून घेतले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. त्यात रोहिदासाची भूमिका फाळक्यांच्या मुलानेच केली होती. आधी घरचे द्रव्य, मग लहानसा नमुना, मग परक्याचे कर्ज, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

फाळक्यांच्या चरित्रातील दुसरा धडा कडू आहे. १९१८ साली भांडवलदार भागीदारांसह नाशकास हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. पैशाची चणचण मिटली, परंतु मतभेद वाढले आणि फाळके काही काळ कंपनी सोडून काशीस जाऊन राहिले. भांडवलदाराचा पैसा आपला हक्क सांगतोच.

कोल्हापुरी बाबूराव पेंटर यांनी स्वतः घडविलेल्या कॅमेऱ्याने चित्रपट काढले. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीस गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा पुरविला, हे विसरता येणार नाही. ज्या काळी प्रतिष्ठितांना हा धंदा संशयास्पद वाटत होता, त्या काळी एका कलावतीने दुसऱ्या कलावंतावर विश्वास टाकला. १९२० साली ‘सैरंध्री’ निघाला. भीमाच्या हातून होणारा कीचकवध त्यात इतका उग्र उतरला होता की त्या दृश्यास कात्री लागली. कथा महाभारतातली, लोकांच्या तोंडी असलेली. तरीही ती डोळ्यांसमोर घडताना पाहून माणसे हादरली.

विद्यार्थ्यांच्या भयपटांचा इतिहास पाहावयाचा तर अमेरिकेकडे वळावे लागते. डेव्हिड लिंच हे लॉस एंजेलिस येथील अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी असताना त्यांनी ‘इरेझरहेड’ आरंभिला. संस्थेने दहा हजार डॉलर दिले, ते संपले, आणि चित्रीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. लिंच वृत्तपत्रे घरोघर टाकीत; मित्र जॅक फिस्क व अभिनेत्री सिसी स्पेसेक या दांपत्यानेही पदरचे पैसे घातले. चित्रपट १९७७ साली पूर्ण झाला. पुढच्याच वर्षी मिशिगनमधील सॅम रेमी व त्यांच्या मित्रांनी सुमारे १,६०० डॉलरांत ‘विदिन द वुड्स’ हा छोटा भयपट केला. तो वकील, दंतवैद्य व परिचित मंडळींना दाखवून त्यांनी भांडवल जमविले आणि १९८१ साली ‘द ईव्हिल डेड’ पडद्यावर आणला. फाळक्यांच्या वाटाण्याच्या रोपाचे नाव या मुलांनी ऐकलेही नसेल, परंतु युक्ती तीच होती.

वर्गणीची जुनी चालही चित्रपटाने सोडली नाही. १९७६ सालच्या श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’साठी गुजरातेतील पाच लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. केरळात जॉन अब्राहम यांच्या ओडेसा मंडळीने गावोगाव चित्रपट दाखवून देणग्या घेतल्या आणि त्यांतून १९८६ साली ‘अम्मा अरियान’ पूर्ण केला.

आपल्या भागाला जवळचे उदाहरण ‘तुंबाड’चे. नारायण धारप यांची एक कथा राही अनिल बर्वे यांनी १९९३ साली नागझिऱ्याच्या अरण्यात मित्राच्या तोंडून ऐकली. १९९७ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, त्यांनी पहिला खर्डा लिहिला. निर्माते पुढे आले आणि मागे सरले. चित्रीकरण २०१२ साली सुरू झाले, काही भाग पुन्हा घ्यावा लागला, आणि सोहम शाह यांच्या निर्मितीत २०१८ साली चित्रपट प्रदर्शित झाला. २०२४ साली तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक उत्पन्न झाले. वडिलोपार्जित ठेव्याच्या लोभाने वाड्याच्या गर्भात पुनःपुन्हा उतरणाऱ्या माणसाची ही कथा आहे. घरच्या वारशातून द्रव्य काढू पाहणाऱ्या प्रत्येकाने ती पाहावी.

येथेच वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे आम्हांस वाटते. पैसा मागणे हा दोष नव्हे. दशावतारापासून सर्वांनीच तो मागितला. पाहावयाचे ते एवढेच की मागणारा कोणाच्या नावावर मागतो. घराण्याची कथा एकट्या नातवाची नसते. ज्या आजीने ती सांगितली तिची, आणि भाऊबंदांची, संमती त्याने आधी घ्यावी. राखणदाराची कथा तर कुटुंबाचीही नव्हे, साऱ्या गावाची आहे. तेथे गावकऱ्यांना विचारल्यावाचून पाऊल टाकू नये. मग चार मिनिटांचा नमुना करून दाखवावा, वर्गणी कोणती व परत करावयाची रक्कम कोणती हे आरंभीच स्पष्ट सांगावे, आणि उत्सवाचा जमाखर्च जसा वाचून दाखवितात तसा पै-पैचा हिशेब द्यावा.

समाजाचेही काही कर्तव्य आहे. देवास वाहिलेल्या निधीस हात लावू नये, या मताचे आम्ही आहोत. परंतु ज्या मंडपात संकासुर नाचला, तेथे एका रात्री पांढरा पडदा बांधावयास कोणाची हरकत असावी? आजीच्या पिढीबरोबर या कथा झपाट्याने मिटत चालल्या आहेत. ज्या घरात त्या सांगावयास कोणी उरणार नाही, त्या घरच्या मुलांना विहिरीकाठचे झाड हे नुसते झाड दिसेल. आणि त्या दिवशी ते तोडावयासही कोणी भिणार नाही.