रिझर्व्ह बँक कोणाची?

मध्यवर्ती बँकेचा इतिहास म्हटला की वाचक बिचकतो. बँकदर, हुंडणावळ, सुवर्णविनिमय अशा शब्दांची धास्ती घेण्याचे काही कारण नाही. मुळातला प्रश्न साधा आहे: देशात पैसा किती असावा, तो किती महाग असावा, हे ठरवणार कोण आणि त्याला जाब विचारणार कोण? पेण तालुक्यात तर हा प्रश्न घरोघरचा आहे. २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले आणि ठेवीदारांची पुंजी अडकली, तेव्हा मुंबईतल्या त्या कचेरीचा आपल्या पासबुकाशी काय संबंध आहे, हे इथल्या माणसांना फार महागात पडून कळले.

अमेरिकेत हे भांडण उघड्यावर झाले. तिथले अर्थमंत्री हॅमिल्टन यांच्या पुढाकाराने १७९१ मध्ये निघालेल्या बँकेच्या सनदेची मुदतवाढ १८११ मध्ये सिनेटमध्ये एका मताने हुकली. दुसऱ्या बँकेच्या मुदतवाढीवर १८३२ मध्ये अध्यक्ष जॅक्सन यांनी नकाराधिकार वापरला. आपल्याकडचे भांडण तितकेच तीव्र होते, आणि त्यात परकी सत्तेचा पेच अधिक होता.

भारतीय चलनाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये रिझर्व्ह बँकेची शिफारस केली. मुंबईचे पुरुषोत्तमदास ठाकूरदास आयोगाचे सदस्य. त्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. १९२७ मध्ये सरकारचे अर्थसदस्य बॅसिल ब्लॅकेट यांनी विधेयक आणले आणि मध्यवर्ती विधिमंडळात वाद पेटला. बँक भागधारकांची की सरकारची? संचालक मंडळात लोकप्रतिनिधींना जागा द्यायची की नाही? १९२८ मध्ये सरकारने नवे विधेयक पुढे केले, तर पहिले पडून असताना दुसरे आणता येणार नाही, असा निर्णय सभापती विठ्ठलभाई पटेल यांनी दिला. बँक उघडायला १ एप्रिल १९३५ उजाडला, आणि ती भागधारकांचीच निघाली: भांडवल ५ कोटी, एक भाग १०० रुपयांचा. पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ यांचे अर्थसदस्य ग्रिग यांच्याशी बिनसले आणि मुदत संपण्याआधीच त्यांना जावे लागले. त्यांची सही एकाही नोटेवर नाही.

यानंतरचा भाग आपल्या अगदी जवळचा आहे. जिते स्थानकावरून रोह्याची गाडी पकडावी, इतका जवळचा. नाते गावी जन्मलेले, रोह्याच्या घराण्यातले चिंतामणराव देशमुख ऑगस्ट १९४३ मध्ये पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, १ जानेवारी १९४९ रोजी, बँक सरकारच्या मालकीची झाली. त्या बदलाबरोबर कायद्यात सातवे कलम नव्या रूपात आले: गव्हर्नरशी विचारविनिमय करून, लोकहितासाठी, सरकार बँकेला निर्देश देऊ शकेल. पुढे १९५० ते १९५६ देशमुख अर्थमंत्री होते. वादाच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांत ते बसले, म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने त्यांना टाळून पुढे जाऊच नये, असे मला वाटते.

त्यांच्यामागून अर्थमंत्री झालेल्या टी. टी. कृष्णम्माचारी यांनी हुंड्यांवरचे मुद्रांक शुल्क वाढवले. बँका याच हुंड्यांच्या आधारे रिझर्व्ह बँकेकडून पैसा उचलत. शुल्क वाढताच तो पैसा महागला, म्हणजे गव्हर्नरने हात न लावता बँकदर वाढल्यासारखे झाले. गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी हरकत घेतली. रिझर्व्ह बँक हा अर्थखात्याचाच एक विभाग आहे, अशी मंत्र्यांची भूमिका. पंडित नेहरूंनी मंत्र्यांची बाजू घेतली. जानेवारी १९५७ मध्ये रामा राव यांनी राजीनामा दिला आणि के. जी. आंबेगावकर यांनी काही आठवडे पद सांभाळले.

सुरुवात कुठून करावी, असे कोणी विचारले तर मी डॉ. आंबेडकरांचा १९२३ चा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ हातात देईन. मंत्री की गव्हर्नर, हा वाद घालण्याआधी ते अधिक कठोर प्रश्न विचारतात: चलन मनाप्रमाणे वाढवण्याची मुभा कोणालाही का असावी? त्यांचे उत्तर पटो न पटो, त्या प्रश्नाशी झटल्यावर १९२७ च्या चर्चांचे कागद वाचायला घ्यावेत.