कुंभारांच्या पंचक्रोशीची वाटचाल

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं सीग्रोव्ह हे छोटं गाव. इथल्या पंचक्रोशीत अठराव्या शतकापासून कुंभारकाम चालत आलंय. शेती सांभाळून लोक चाकावर बसत. आधी लाल मातीची भांडी होत. एकोणिसाव्या शतकात मिठाच्या झिलईची पक्की भांडी आली. ती भाजायला जमिनीत अर्धी पुरलेली, बुटकी, लांबट भट्टी असे; तिला तिथे ‘ग्राउंडहॉग’ म्हणतात. आच पुरती चढली, की वरच्या भोकांतून आत मीठ टाकायचं. त्याच्या वाफेचा मातीतल्या सिलिकाशी संयोग होतो आणि भांड्यावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबडीत काच चढते.

काकवी, लोणची, व्हिस्की, सगळं याच भांड्यांत साठवलं जाई. पुढे काचेच्या बरण्या स्वस्त झाल्या. 1908 साली राज्याने दारूबंदीचा कौल दिला आणि व्हिस्कीच्या जगांची मागणी आटली. कित्येक भट्ट्या थंडावल्या.

अशा वेळी रॅलीचं कलावंत दांपत्य जॅक आणि जुलियाना बझबी मदतीला आलं. जुलियानाने न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमध्ये चहाघर काढून तिथे ही भांडी मांडली. शहरी गिऱ्हाईक मिळालं. 1921च्या सुमारास ‘जगटाउन पॉटरी’ उभी राहिली. स्थानिक कुंभाराचा मुलगा बेन ओवेन 1923 मध्ये तिथे आला आणि त्याने पुढची 36 वर्षं तिथलं चाक सांभाळलं. बझबींनी त्याला पूर्व आशियातली जुनी भांडी दाखवली. नवे आकार आले, पण माती आणि हात गावचेच राहिले.

त्यानंतर कुंभार घराण्यातल्या डोरोथी ऑमन आणि त्यांचे पती वॉल्टर यांनी घरोघरची जुनी भांडी जमवून गावात संग्रहालय थाटलं. 1983 मध्ये त्यांचा मोठा संग्रह शार्लटच्या मिंट म्युझियमकडे गेला. 1998 मध्ये सीग्रोव्हमध्ये नॉर्थ कॅरोलायना पॉटरी सेंटर उघडलं. सीग्रोव्हबरोबरच कटाबा खोऱ्यातली राखेची झिलई आणि मूलनिवासींचं मातीकाम, असा साऱ्या राज्याचा वारसा हे केंद्र मांडतं. मुलांना मातीत हात घालायला देतं आणि आलेल्या पाहुण्यांना जवळपासच्या कुंभारांकडे पाठवतं.

हे शेवटचं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. कपाटातलं भांडं इतिहास सांगेल, पण परंपरा चालते ती आज भांडं विकलं गेल्यावरच. कारागिरीचं केंद्र काढू पाहणाऱ्यांनी म्हणून आधी कारागिराच्या गिऱ्हाइकाची सोय करावी, कपाटं मागाहून.