स्वीकृतीची चाचणी : परवूर ते भंडारा

कोणतीही संगणकप्रणाली सर्वत्र लागू करण्यापूर्वी, ज्यांना ती वापरावी लागणार आहे त्यांच्याकडून ती तपासून घेतात. संगणकक्षेत्रात यास ‘युजर अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टिंग’ म्हणतात. शासकीय प्रकल्पांत पुष्कळदा ही पायरी स्वीकृतीपत्रावरील सहीपुरतीच उरते. वस्तुतः यंत्र बरोबर चालणे आणि ते मान्य होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भारतातील मतदानयंत्राच्या इतिहासात हा भेद स्पष्ट दिसतो.

यंत्राची कल्पना निवडणूक आयोगात १९७७ मध्ये पुढे आली. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने ते घडविले आणि ६ ऑगस्ट १९८० रोजी राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींसमोर त्याचे प्रात्यक्षिक झाले. १९ मे १९८२ रोजी केरळातील परवूर मतदारसंघाच्या ५० मतदान केंद्रांवर ते प्रत्यक्ष वापरले गेले. सिवन पिल्लै १२३ मतांनी विजयी झाले. गंमत अशी की, मतदानापूर्वी यंत्रांविरुद्ध उच्च न्यायालयात गेले होते ते पिल्लैच; निकालानंतर मात्र हरकत घेतली ती पराभूत उमेदवार ए. सी. जोस यांनी. ५ मार्च १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या केंद्रांवरील मतदान रद्द ठरवून मतपत्रिकांद्वारे फेरमतदानाचा आदेश दिला. त्यात जोस निवडून आले.

हा निर्णय यंत्राच्या मोजणीत चूक सापडली म्हणून झालेला नव्हता. कायद्याला मतपत्रिका ठाऊक होती, यंत्र नव्हते; एवढेच कारण होते. डिसेंबर १९८८ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली. १९९० मध्ये तज्ज्ञ समितीने यंत्रास अनुकूल अभिप्राय दिला. तरीही १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान व दिल्ली येथील अवघ्या १६ विधानसभा मतदारसंघांत ते वापरून पाहण्यात आले, आणि लोकसभेच्या सर्व ५४३ मतदारसंघांत ते पोहोचले २००४ मध्ये. परवूरपासून २२ वर्षे लोटली होती.

या यंत्राचा ‘वापरकर्ता’ कोण? बटण दाबणारा मतदार, ते हाताळणारा केंद्राध्यक्ष, आणि तिसरा, ज्याचा विचार सहसा होत नाही तो, म्हणजे हरणारा उमेदवार. अभिरूप मतदानाची पद्धत या तिसऱ्यासाठी आहे. मतदान सुरू होण्यापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष किमान ५० मते टाकतात, बेरीज पडताळतात, यंत्र शून्यावर आणतात, प्रतिनिधींच्या सह्या घेतात आणि मगच ते मोहोरबंद करतात. ही स्वीकृती-चाचणी प्रत्येक केंद्रावर, प्रत्येक निवडणुकीत नव्याने होते.

मताची चिठ्ठी दाखविणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राची चाचणी जुलै २०११ मध्ये लडाख, जैसलमेर, चेरापुंजी, तिरुवनंतपुरम व दिल्ली अशा परस्परविरुद्ध हवामानांत घेतली गेली. त्यानंतर सुधारणा करून २०१२ मध्ये पुन्हा चाचणी झाली. सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत ते प्रथम वापरले गेले. इतकी काळजी घेऊनही मे २०१८ मध्ये कैराना व भंडारा-गोंदिया येथील पोटनिवडणुकांत अनेक व्हीव्हीपॅट बंद पडली आणि काही केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. खोलीतील प्रखर उजेड यंत्रातील संवेदकावर पडणे हे एक कारण आढळले. वाळवंट आणि बर्फ यांच्या कसोटीस उतरलेले यंत्र शाळेच्या खिडकीजवळच्या टेबलावर अडखळले! चाचणीची जागा निवडताना केवळ टोकाची परिस्थिती पाहून भागत नाही. रोजची परिस्थितीही पाहावी लागते.

२६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मतपत्रिकेकडे परतण्याची मागणी फेटाळली. मात्र दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील ५ टक्के यंत्रे तपासून घेण्याचा अधिकार दिला. जोस यांच्या याचिकेवरील निकालानंतर ४० वर्षांनी पराभूताला परीक्षकाचे स्थान मिळाले.

शिधावाटप असो, निवृत्तिवेतन असो वा भूमी अभिलेख. नव्या प्रणालीच्या चाचणीस कुणाला बोलवावे, याचे उत्तर येथे मिळते. ज्याचा अर्ज ती नाकारणार आहे, त्याला प्रथम बोलवावे. नकार मिळूनही हिशेब चोख आहे असे त्याने मानले, तरच प्रणाली स्वीकारली गेली असे म्हणता येईल.