पंडित, चंद्रकांत सीताराम

पंडित, चंद्रकांत सीताराम : (३० सप्टेंबर १९६१– ). भारताचे माजी यष्टिरक्षक-फलंदाज आणि देशांतर्गत क्रिकेटमधील नामवंत प्रशिक्षक. जन्म मुंबईत. मुंबई, आसाम आणि मध्य प्रदेश या तीन संघांकडून ते प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले. प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला तीनदा, विदर्भाला दोनदा आणि मध्य प्रदेशला एकदा रणजी करंडक जिंकून दिला. २०१७-१८ आणि २०१८-१९ या विदर्भाच्या लागोपाठच्या दोन विजेतेपदांमुळे नागपूरच्या क्रिकेट-इतिहासात त्यांचे नाव कायमचे कोरले गेले.

पंडित हे मुंबईचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांचे शिष्य. मुंबईच्या मैदानी क्रिकेटचे सगळे संस्कार त्यांच्यावर झाले : विकेट फेकायची नाही, झेल सोडायचा नाही आणि सामना संपेपर्यंत समोरच्याला सुखाने खेळू द्यायचे नाही. या वृत्तीला मुंबईचे क्रिकेटपटू अभिमानाने ‘खडूसपणा’ म्हणतात. पुढे प्रशिक्षक म्हणून पंडित जिथे जिथे गेले, तिथे त्यांनी ही वृत्ती सोबत नेली.

आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये मात्र त्यांना पाय रोवता आले नाहीत. १९८६ च्या एप्रिलमध्ये शारजातील स्पर्धेत त्यांनी एकदिवसीय पदार्पण केले. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जावेद मियाँदादने चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर षटकार मारला, तेव्हा यष्टीमागे पंडितच होते. दोन महिन्यांनी लीड्सला इंग्लंडविरुद्ध त्यांना पहिली कसोटी मिळाली, पण यष्टिरक्षणाची जबाबदारी किरण मोरे यांच्याकडे होती आणि पंडित निव्वळ फलंदाज म्हणून खेळले. भारताने ती कसोटी २७९ धावांनी जिंकली. १९८७ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दिलीप वेंगसरकर आजारी पडल्यामुळे वानखेडेवर त्यांना संधी मिळाली. त्यांनी २४ धावा केल्या, भारत ३५ धावांनी हरला.

ही कारकीर्द सतत दुसऱ्या कोणाच्या तरी दुखापतीवर, आजारपणावर किंवा विश्रांतीवर अवलंबून राहिली. मोरे हे पहिल्या पसंतीचे यष्टिरक्षक होते आणि पंडितांनी त्यांच्यामागे वाट पाहण्यात उमेदीची वर्षे घालवली. १९९२ च्या जानेवारीत ॲडलेडला ते शेवटची कसोटी खेळले. ५ कसोटींत १७१ धावा, ३६ एकदिवसीय सामन्यांत २९० धावा, १५ झेल आणि १५ यष्टिचीत एवढाच त्यांचा आंतरराष्ट्रीय हिशेब आहे. देशांतर्गत आकडे वेगळीच उंची सांगतात : १३८ प्रथम श्रेणी सामने, ८,२०९ धावा, २२ शतके, सर्वोच्च २०२ आणि सरासरी ४८ च्या पुढे. यष्टिरक्षण करणाऱ्या फलंदाजासाठी ही सरासरी फारच मोठी आहे.

कारकिर्दीच्या उत्तरार्धात पंडित मध्य प्रदेशकडे गेले. बाहेरच्या राज्यातून आलेल्या अशा खेळाडूला क्रिकेटमध्ये ‘पाहुणा खेळाडू’ म्हणतात. पाहुण्याने नुसत्या धावा करून भागत नाही. स्थानिक मुलांना मोठे सामने कसे खेळायचे हेही त्याने दाखवावे, अशी अपेक्षा असते. पंडितांनी कर्णधार म्हणून १९९८-९९ च्या मोसमात मध्य प्रदेशला थेट अंतिम फेरीत नेले. बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाविरुद्ध संघाने पहिल्या डावात आघाडीही घेतली. सामना अनिर्णित राखला असता, तरी त्या आघाडीच्या जोरावर करंडक मध्य प्रदेशचा होता. शेवटच्या दिवशी विजय भारद्वाजच्या फिरकीपुढे डाव कोसळला आणि कर्नाटक ९६ धावांनी जिंकले. ही सल पंडितांच्या मनात पुढे २३ वर्षे राहिली.

खेळ थांबल्यावर ते प्रशिक्षणाकडे वळले. २००२-०३ मध्ये पारस म्हांब्रे यांच्या आणि २००३-०४ मध्ये साईराज बहुतुले यांच्या नेतृत्वाखाली मुंबईने तमिळनाडूला हरवून रणजी करंडक जिंकला. दोन्ही वेळा प्रशिक्षक पंडित होते. नंतर महाराष्ट्र, राजस्थान, केरळ अशा संघटनांबरोबर त्यांनी काम केले. मुंबईत परतल्यावर २०१५-१६ मध्ये आदित्य तरेच्या संघाने पुण्यात सौराष्ट्राला डावाने हरवले आणि मुंबईचा ४१ वा करंडक त्यांच्या खाती जमा झाला. पुढच्याच मोसमात इंदूरच्या अंतिम सामन्यात मुंबई गुजरातकडून हरली. त्यानंतरच्या मोसमासाठी मुंबईने समीर दिघे यांना प्रशिक्षक नेमले आणि विदर्भ क्रिकेट संघटनेने पंडितांना नागपूरला आणले.

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी करंडकात खेळत होता. सहा दशकांत त्याने एकदाही अंतिम फेरी गाठली नव्हती. मध्य विभागातला हा संघ मोठ्या संघांना गुण देणारा म्हणूनच ओळखला जाई. पंडित आले तेव्हा मात्र जमीन बरीच नांगरलेली होती, हे न्यायाने नोंदवले पाहिजे. २००८ मध्ये वर्धा मार्गावर जामठ्याचे भव्य मैदान उभे राहिले होते. संघटनेची अकादमी तरुण गोलंदाज घडवत होती आणि प्रशांत वैद्य यांच्यासारखा माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू संघटनेच्या क्रिकेटविषयक कामात होता. खापरखेड्याचा उमेश यादव २०११ मध्ये विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला होता. २०१४-१५ आणि २०१५-१६ मध्ये संघाने उपांत्यपूर्व फेरीही गाठली होती. गुणवत्ता होती, तिथून पुढे जाण्याची सवय नव्हती.

ही सवय लावण्याचे काम पंडितांनी केले. त्यांची पद्धत कडक होती. वेळेची शिस्त, तंदुरुस्ती आणि क्षेत्ररक्षण यांत ते सवलत देत नसत. मोठ्या नावाच्या खेळाडूला वेगळा नियमही नव्हता. कर्णधार फैज फजल नागपूरचाच होता आणि देशांतर्गत क्रिकेटमध्ये दीर्घकाळ घाम गाळलेला होता. मुंबईचा वसिम जाफर आणि कर्नाटकाचा गणेश सतीश हे दोन पाहुणे खेळाडू फलंदाजीचा कणा होते. जाफर हा पंडितांच्या २००३ आणि २००४ च्या विजेत्या मुंबई संघांतलाच. नव्या प्रशिक्षकाला काय हवे आहे, हे त्याला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

२०१७-१८ च्या बाद फेरीत विदर्भाने सुरतेत केरळला ४१२ धावांनी हरवले. त्याच सुमारास जामठ्यात कर्नाटकाने मुंबईला डावाने धूळ चारली. साहजिकच कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर झालेल्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाचे पारडे जड होते. विदर्भ पहिल्या डावात १८५ वर आटोपला, कर्नाटकाने ३०१ केल्या. दुसऱ्या डावात सतीशच्या ८१ धावांच्या बळावर विदर्भाने ३१३ पर्यंत मजल मारली आणि कर्नाटकापुढे १९८ चे लक्ष्य ठेवले.

पाचव्या दिवशी सकाळी कर्नाटकाला ८७ धावा हव्या होत्या आणि हाती तीन गडी होते. विनय कुमार, अभिमन्यू मिथुन आणि श्रेयस गोपाल यांनी धावांचे अंतर एकेक करत कमी केले. सामना हातातून निसटतोय असे वाटत असताना रजनीश गुरबानी गोलंदाजी करत राहिला. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतलेला हा मध्यमगती गोलंदाज वेगासाठी नव्हे, तर टप्प्यासाठी ओळखला जाई. उरलेले तिन्ही बळी त्यानेच घेतले. कर्नाटक १९२ वर सर्वबाद झाले, विदर्भ ५ धावांनी जिंकला. गुरबानीने दुसऱ्या डावात ६८ धावांत ७ आणि सामन्यात १२ बळी घेतले.

इंदूरच्या होळकर मैदानावरील अंतिम सामन्यात समोर दिल्ली होती. ऋषभ पंत कर्णधार होता. गौतम गंभीर आणि नितीश राणाही त्या संघात होते. गुरबानीने एका षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर विकास मिश्रा आणि नवदीप सैनी यांचे, तर पुढच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर १४५ धावा केलेल्या ध्रुव शौरीचे त्रिफळे उडवले. रणजीच्या अंतिम सामन्यातली ही दुसरीच हॅट्‌ट्रिक; पहिली तमिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांनी १९७२-७३ मध्ये घेतली होती. त्यानंतर तरुण यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ धावा काढून पहिले प्रथम श्रेणी शतक पूर्ण केले. त्याच्याबरोबर आदित्य सरवटेने ७९ आणि सिद्धेश नेरळने ७४ धावा केल्या. खालच्या फळीने दिल्लीला दमवून विदर्भाला ५४७ पर्यंत नेले. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ ९ गडी राखून जिंकला. फजलच्या मोसमात ९१२ धावा झाल्या होत्या, गुरबानीचे ३९ बळी.

मार्चमध्ये जामठ्यात शेष भारताविरुद्ध इराणी करंडकाच्या सामन्यात विदर्भाने ७ बाद ८०० वर डाव घोषित केला. त्यात ४० वर्षांच्या जाफरच्या २८६ धावा होत्या. पहिल्या डावातील आघाडीवर तो करंडकही नागपूरला राहिला.

एकदा जिंकणाऱ्याला नशिबाची साथ होती असे म्हणता येते. त्यामुळे २०१८-१९ चा मोसम जास्त महत्त्वाचा ठरतो. वायनाडच्या उपांत्य सामन्यात उमेश यादवने १२ बळी घेऊन केरळचा दोन दिवसांत निकाल लावला. फेब्रुवारी २०१९ मध्ये अंतिम सामना घरच्या जामठा मैदानावर सौराष्ट्राशी झाला. पहिल्या डावांत फरक फक्त ५ धावांचा होता : विदर्भ ३१२, सौराष्ट्र ३०७. सौराष्ट्राचा आधार होता चेतेश्वर पुजारा, आणि डावखुरा फिरकीपटू सरवटे याने त्याला १ आणि ० वर बाद केले. २०६ च्या लक्ष्यासमोर सौराष्ट्र १२७ वर आटोपले आणि विदर्भ ७८ धावांनी जिंकला. सरवटेने सामन्यात ११ बळी घेतले आणि दुसऱ्या डावात ४९ धावाही केल्या. जाफरने मोसमात १,०३७ धावा केल्या; हे त्याचे खेळाडू म्हणून दहावे रणजी विजेतेपद. लगेचच झालेल्या इराणी करंडकात दोन्ही हातांनी फिरकी टाकणाऱ्या अक्षय कर्णेवारने शतक ठोकले आणि विदर्भाने तो करंडकही राखला. त्या सामन्यादरम्यान पुलवामाचा हल्ला झाला. फजलच्या संघाने बक्षिसाची रक्कम हुतात्म्यांच्या कुटुंबीयांना दिली.

२०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशकडे गेले. जून २०२२ मध्ये रणजीचा अंतिम सामना पुन्हा चिन्नास्वामी मैदानावरच आला. प्रतिस्पर्धी होती त्यांची मुंबई, आणि तिचे प्रशिक्षक होते आचरेकरांचेच आणखी एक शिष्य अमोल मुजुमदार. यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांच्या शतकांमुळे मध्य प्रदेशने ५३६ धावा केल्या आणि ६ गडी राखून पहिला रणजी करंडक जिंकला. ज्या मैदानावर कर्णधार म्हणून हातचा करंडक गेला होता, तिथेच तो प्रशिक्षक म्हणून मिळाला. पंडितांना अश्रू आवरले नाहीत.

ऑगस्ट २०२२ मध्ये ते आयपीएलमधील कोलकाता नाइट रायडर्सचे पहिले भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले. २०२३ मध्ये संघ सातवा आला. त्या मोसमातला कर्णधार नितीश राणा होता. २०२४ मध्ये गौतम गंभीर मार्गदर्शक आणि श्रेयस अय्यर कर्णधार असताना चेन्नईच्या अंतिम सामन्यात कोलकात्याने हैदराबादला ११३ वर गुंडाळून विजेतेपद मिळवले. इंदूरमध्ये विदर्भाने ज्यांना हरवले होते, त्या राणा आणि गंभीर या दोघांबरोबर पंडितांनी कोलकात्यात काम केले. त्यांच्या कडक शिस्तीवर याच काळात टीकाही झाली. जगभरच्या लीगमध्ये खेळणाऱ्या परदेशी खेळाडूंना ती जाचक वाटत असल्याचे कोलकात्याकडून खेळलेल्या डेव्हिड वीजा याने उघडपणे सांगितले. २०२५ च्या मोसमात संघ आठवा आला आणि पंडित पदावरून दूर झाले.

खेळाडू म्हणून पहिल्या फळीत नसलेला यष्टिरक्षक प्रशिक्षक म्हणून शिखरावर जातो, हे अन्य खेळांतही घडले आहे. अमेरिकन बेसबॉलमध्ये संघ चालवणाऱ्या प्रशिक्षकाला मॅनेजर म्हणतात. ब्रूस बोची हा ह्यूस्टन, न्यू यॉर्क मेट्स आणि सॅन डिएगो या संघांकडून राखीव कॅचर (बेसबॉलमधला यष्टिरक्षक) म्हणून जेमतेम ३५८ सामने खेळला. मॅनेजर म्हणून त्याने सॅन फ्रान्सिस्कोला २०१०, २०१२ आणि २०१४ मध्ये, तर टेक्सासला २०२३ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. कॅचर आणि यष्टिरक्षक यांना सगळे मैदान समोर दिसते. प्रत्येक चेंडूला ते सहभागी असतात, गोलंदाजाचा थकवा त्यांना आधी कळतो. राखीव खेळाडूला तर बाकावर बसून खेळ वाचायला भरपूर वेळ मिळतो. पंडितांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी जुळून आल्या होत्या.

भारताच्या वरिष्ठ संघाचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले नाही. रणजी क्रिकेटमध्ये मात्र तीन वेगवेगळ्या राज्यांना मिळून सहा विजेतेपदे मिळवून देणारा त्यांच्या तोडीचा प्रशिक्षक दाखवणे कठीण आहे. विदर्भाला त्यांनी दिलेली सवयही त्यांच्या जाण्याने मोडली नाही. २०२३-२४ मध्ये संघ पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला आणि मुंबईकडून हरला. २ मार्च २०२५ रोजी उस्मान गनी यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने जामठ्यात केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर तिसरा रणजी करंडक जिंकला. कर्णधार होता अक्षय वाडकर.